पुकाऱ्याशिवाय आलेलं सॉफ्टवेअर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी भोंगेवाल्या भाऊंचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही, त्यांचंही तेच मत आहे. भाऊंचं कागदावरचं नाव चंद्रपूरकडच्या आमच्या तालुक्यात फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. मीही ते इथे लिहीत नाही. भोंगेवाले भाऊ म्हटलं की गोंडपिपरीपासून आष्टीपर्यंत कुणीही ओळखतं.

आमच्याकडे धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, मंडईची जत्रा असो, गावाला नाटक लागतंच. त्या नाटकांचा पुकारा भाऊ करत. तीनचाकी गाडी, टपावर दोन भोंगे, आत एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि मांडीवर माइक. स्वतःच गाडी चालवायची आणि स्वतःच बोलायचं. "येत आहे, येत आहे, येत आहे" अशी सुरुवात झाली की आम्ही पोरं रस्त्याकडे धावायचो. नाटक साधंच असलं तरी भाऊंच्या तोंडी ते काळीज पिळवटून टाकणारं असायचं. एकदा मी विचारलं होतं, "भाऊ, तुमी पायलं का हे नाटक?" ते म्हणाले, "मी कायले पाहू? अजून लिहून नाई झालं. पुकारा झाला ना, की मंग लेखकाले लिहाच लागते."

अकरावी-बारावीला मी गोंडपिपरीला जायचो. आमचं गाव आतल्या बाजूला, एस.टी. चुकली की चालत. भाऊ त्या रस्त्याने जात असले की मला भोंग्यांच्या तारांमध्ये बसवून न्यायचे. बारावीचा निकाल लागला तेव्हा ते असेच आमच्या घरी पाणी प्यायला थांबले होते. बाबा तलावावर मासे धरायला गेले होते. आई सहज बोलून गेली, "पोट्टा कॉम्पुटर शिकाचं मनते. आता पायजो काय होते त." भाऊंनी तांब्या खाली ठेवला, गाडीत बसले आणि बियाण्यांच्या दुकानाच्या पुकाऱ्याच्या मधेच सुरू केलं, "या गावचा सुपुत्र, या पंचक्रोशीतला पहिला कॉम्प्युटर इंजिनिअर!" मी घरात पळालो. मी अजून अर्जसुद्धा भरला नव्हता.

त्यानंतर गावात सगळे मला इंजिनिअर म्हणू लागले. काही कौतुकाने, बरेचसे टोमणा म्हणून. "इंजिनिअर, जाळं सोडव ना गा थोडं." न शिकता परत येणं आता शक्यच नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी चंद्रपूरला बाबांबरोबर भाऊही आले, कारण बाबा कधी अशा ऑफिसात गेले नव्हते. खिडकीवरच्या बाईंशी भाऊ जरा जास्तच मोठ्याने बोलले. मला संगणकाची पदवी मिळाली, ती इंजिनिअरची नव्हती. पण आमच्या घरातली ती पहिली पदवी. भाऊंनी हंगामाआधी, कुणी न विचारता, मला जाहीर केलं नसतं तर ती मिळाली असती का, हे मला खरंच सांगता येत नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे माझं आणि भाऊंचं ज्यावरून जमलं नाही ते नेमकं पुकाऱ्यावरूनच.

पदवीनंतर सोबतचे सगळे पुण्याला, हैदराबादला गेले. मला नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं घरून करायचं काम मिळालं. गावात नेटवर्क नाही, म्हणून मी गोंडपिपरीत एक खोली घेतली. दिवसभर मी कानात हेडफोन घालून अशा माणसांशी बोलायचो ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि संध्याकाळी कुणाशीच नाही. घरमालकीण बाई भाजी द्यायला यायच्या तेवढंच. रस्त्यावरून सूरजागडकडचे लोहखनिजाचे ट्रक जायचे, खिडकीची काच हलायची, आणि मग पुन्हा शांत.

त्या शांततेत मी एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. आमच्याकडे नाल्यांवर रपटे आहेत, म्हणजे ठेंगणे पूल. पावसाळ्यात पाणी रपट्यावरून वाहायला लागलं की दोन्हीकडची गावं तुटतात. तुम्ही चिखलातून तिथवर जाता आणि मग कळतं की रस्ता बंद आहे. तिथून परत. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर मग काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. माझी कल्पना साधी होती. नकाशावर प्रत्येक रपट्याचा एक ठिपका. काठावरच्या माणसाने फोनवरून किंवा साध्या मेसेजने कळवायचं, की ठिपका लाल. नाहीतर हिरवा.

ते मी ओपन सोर्स ठेवलं. म्हणजे ते फुकट तर होतंच, पण त्याचा आतला सगळा कोड कुणालाही वाचता येईल, बदलता येईल, आपल्या नदीसाठी वापरता येईल असा उघडा. मी स्वतः असंच शिकलो होतो. न ओळखणाऱ्या लोकांनी उघडं ठेवलेलं वाचत. आपणही काहीतरी परत ठेवावं, असं वाटायचं.

पहिली आवृत्ती इंटरनेटवर ठेवली तेव्हा खाली दोन ओळी लिहिल्या. काय चालतं, काय चालत नाही. बस. इतरांच्या आवृत्त्या येताना मी पाहत होतो. आठवडाभर आधीपासून "काहीतरी मोठं येतंय" अशा पोस्टी, चकचकीत व्हिडिओ, प्रत्येक जण क्रांती करणार. त्यातली काही सॉफ्टवेअरं मी उघडून पाहिली होती आणि आत फारसं काही नव्हतं. मला त्याची चीड यायची. मी ठरवलं, आपण असं करायचं नाही. काम उघडं आहे, ज्याला गरज आहे तो वाचेल.

कुणी वाचलं नाही. अगदी कुणीच नाही असं नाही. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसाने एकदा चार ओळी सुधारून पाठवल्या. आमच्याकडे तेव्हा मे महिना होता, खोलीतला कूलर बंद पडला होता. त्या माणसाने लिहिलं होतं की त्याच्याकडे खिडकीबाहेर बर्फ आहे. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं, आमचे नाले, आमचा पाऊस, सगळं. त्याचं पुन्हा काही आलं नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली.

पावसाळा आला. नकाशावर सगळे ठिपके हिरवे. मी स्वतः भिजत जाऊन दोन रपटे पाहिले आणि मीच लाल केले. दुसऱ्या दिवशी मीच हिरवे केले. पाहणाराही मी, कळवणाराही मी. रेनकोट खिळ्याला अडकवताना मला वाटलं, आपण स्वतःशीच बोलतोय. तेव्हाच मनाशी ठरवलं. पुढच्या पावसाळ्यात माझ्याशिवाय कुणी, एका तरी रपट्याच्या दोन्ही काठांवरून, कळवलं तर हे चालू ठेवायचं. नाहीतर बंद करायचं, खोली सोडायची आणि मित्र बोलावतात तसं पुण्याला जायचं.

हे मी भाऊंना सांगितलं ते नाटकांचा हंगाम संपत आला तेव्हा. त्यांना भेटलो तर ते खूप थकलेले दिसले. वर्षानुवर्षं भोंग्याखाली बसून त्यांचे कान गेले होते. आता समोरचा काय बोलतो ते त्यांना अर्धंच कळायचं, पण बोलणं तसंच खणखणीत.

"तुवं ते रपट्याचं कुठवर आलं गा?"

"झालं भाऊ. पण कोणी घेत नाई."

"कोण देत नाई?"

"घेत नाई! कोणाले माईतच नाई!"

"मंग सांग ना लोकाईले. बोंबलल्याशिवाय कोणाले माईत पडते काय?"

मी खोटं काही सांगणार नाही, असं म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "लिहून दे. परवा बाजार हाय. मी करतो पुकारा."

मी लिहून दिलं. फुकट आहे, अपूर्ण आहे, चुका असू शकतात, कोणत्याही हमीशिवाय दिलं जात आहे. ओपन सोर्ससोबत जी वाक्यं असतात तीच मी मराठीत केली होती. भाऊंनी चष्मा लावून ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय हाय बावा? ऑपरेशनच्या आंधी दवाखान्यात सही घेते, तसं लिहून राह्यला तू. कोण येईल हे आयकून?"

"कोणी याचंच नाई भाऊ. फोनमधी घ्याचं हाय."

"हां, हां. येईल, येईल. तू टेन्शन नोको घेऊ."

बाजाराच्या दिवशी मी कामात होतो. भोंग्याचा आवाज मोठ्या रस्त्यावरून गेला तो मी खिडकीतून अर्धवट ऐकला. "येत आहे, येत आहे" एवढं कळलं. दुपारी घरमालकीण बाई आल्या. "काऊन हो, सांगतलं नाई? आज तुमचं नाटक हाय मंते शाळेच्या पटांगणात?"

मी धावत सुटलो. भाऊ चौकात भेटले. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवून आपल्या पद्धतीने पुकारा केला होता. पुरावर मात करणारा, नाल्याला जाब विचारणारा, महाराष्ट्रात प्रथमच. आणि शेवटी, हयातभराच्या सवयीने, स्थळ आणि वेळ सांगितली होती. स्थळ, शाळेचं भव्य पटांगण. वेळ, दिवेलागण. स्थळ-वेळ नसेल तर तो पुकाराच नाही, असं त्यांचं म्हणणं.

"भाऊ, आता लोकं येईल ना!"

"येऊ दे ना मंग. येण्यासाठीच त करते पुकारा."

लोक आले. बाया चटया घेऊन आल्या. लेकरांना स्वेटर घातलेले, कारण नाटक म्हणजे पहाटेपर्यंत बसायची तयारी. कुणी चिवड्याच्या पिशव्या आणल्या. एकाने भज्यांची गाडीच आणून लावली. मंच नव्हता. शाळेच्या पायरीवर मी लॅपटॉप घेऊन उभा, बाजूला भाऊ आणि त्यांचा माइक. मी तो हातात घेतला.

मी सांगायला सुरुवात केली. दोनच वाक्यं झाली असतील.

"नाटक कवा सुरू होते?"

"नाटक नाई बाई. हे रपट्याचं..."

"हिरोईन कुठी हाय बे?" मागून कुणीतरी.

"हिरोईन मेकप करून राह्यली!" दुसरा. सगळं पटांगण हसलं.

एक म्हातारी बाई शेजारच्या गावाहून सुनेला घेऊन चालत आली होती. तिने चटई गुंडाळली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "एवढं चालून आलो ना गा आमी." ती रागावली नव्हती. तिचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. पुकाऱ्याच्या बाजूने कुणी कितीही बोललं तरी मला आधी ती बाई आठवते.

बरेच लोक उठून गेले. थोडे राहिले, काही भज्यांसाठी. मी भिंतीवर चादर लावून नकाशा दाखवला. हिरवे ठिपके पाहून लोक आपापले रपटे ओळखू लागले. मग तोच हिरोईनवाला पुन्हा बोलला. तो प्रवासी जीप चालवायचा, आष्टीच्या रस्त्यावर.

"अन कोणी कळवलंच नाई त मंग काय दाखवते हे? हिरोईनचा फोटो?"

लोक हसले. मी हसायला गेलो आणि थांबलो. कुणी कळवलं नाही तर ते हिरवं दाखवत होतं. म्हणजे रस्ता मोकळा. मागच्या अख्ख्या पावसाळ्यात माझा नकाशा हिरवागार होता, रपट्यावरून पाणी धो धो जात असतानाही. कुणी वापरत नव्हतं म्हणून कुणाचं काही झालं नाही. आणि कुणी वापरत नव्हतं म्हणूनच मला ते दिसलंही नव्हतं.

"हिरवा दाखवते," मी माइकवर म्हणालो.

"मंग त लटकलो ना बावा," तो म्हणाला.

"बदलतो मी," मी म्हणालो. "माईत नसलं की माईत नाई, असंच दाखवीन. करड्या रंगाचा ठिपका." भाऊंना काही ऐकू गेलं नसावं, पण लोक गप्प झालेले दिसले म्हणून त्यांनी माइक घेतला आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. दोनचार जणांनी वाजवल्या.

त्या आठवड्यात मी ते बदललं. नकाशा उघडला की सगळे ठिपके करडे, म्हणजे माहीत नाही. कुणी कळवलं की लाल किंवा हिरवा, आणि ती बातमी शिळी झाली की पुन्हा करडा. दिसायला ते अगदीच उदास झालं. पटांगणात राहिलेल्यांपैकी काहींनी फोन नंबर देऊन ठेवले होते, मी त्यांना कसं कळवायचं ते सांगितलं. जीपवाल्याने नंबर देताना विचारलं, "पगार किती?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मंग तुवा अन माया पगार सारखाच."

उन्हाळ्यात भाऊंनी गाडी विकली. त्यांची मुलगी तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याकडे दिली आहे, ती येऊन त्यांना घेऊन गेली. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा भोंगे अंगणात उलटे ठेवलेले होते. त्यात कोंबडीची पिल्लं शिरली होती. भाऊ पुष्कळ बोलले. मी काही बोललो ते त्यांना कळलं नाही, आणि मी पुन्हा ओरडून सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंही, फक्त जाऊ नका असं म्हणायचं होतं.

पावसाळा लागला. करडे ठिपके करडेच. आषाढ असाच गेला. पुण्याच्या मित्राने खोलीचा फोटो पाठवला, एक कॉट रिकामी आहे म्हणून. मी बॅग काढून ठेवली होती.

श्रावणात एका दुपारी खूप पाऊस झाला. वीज गेली, फोनवर थोडं चार्जिंग होतं. आष्टीच्या रस्त्याकडचा एक ठिपका लाल झाला. सोबत मेसेज होता, "पाणी वरून. हिरोईनले मना घरीच थांब." मी एकटाच मोठ्याने हसलो. आणि थोड्या वेळाने त्याच रपट्याच्या पलीकडच्या काठावरून आणखी एक मेसेज आला, ज्याला मी ओळखत नव्हतो अशा नंबरवरून. पटांगणातल्या नंबरांत तो नव्हता. फक्त "इकडूनबी बंद" एवढंच. कोण होतं ते मला आजही माहीत नाही.

ही गोष्ट कुणाला तरी लगेच सांगावी असं वाटलं. खोलीत कुणी नव्हतं. आईचा फोन लागला नाही. भाऊंना लावला. त्यांनी उचलला. "हां बोल, बोल, मी मजेत हाय. इथी तेलगू बोलते सारे, मले काई समजत नाई, तसंबी आयकू येत नाई," असं म्हणून ते स्वतःच हसले, सिरोंच्याच्या पावसाबद्दल बोलले, जेवणाबद्दल बोलले आणि ठेवून दिला. मी ओरडत होतो ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

सॉफ्टवेअरला पुकारा लागतो की नाही, यावर माझं अजून पक्कं मत नाही. क्रांतीचे व्हिडिओ पाहिले की अजूनही चीड येते. पण चूक दाखवायला माणूस लागतो, आणि तो माणूस माझ्या दोन ओळी वाचून आला नसता. वीज आली तेव्हा मी कागद घेतला आणि भाऊंना हे लिहिलं.

तीर्थरूप भाऊ,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला काही सांगता आलं नाही म्हणून लिहितो. आज आष्टीच्या रस्त्यावरच्या रपट्याचं पाणी दोन्ही काठांवरून लोकांनी कळवलं. मी न सांगता. एक तुमच्या पुकाऱ्याला आलेला जीपवाला आहे. दुसरा कोण ते माहीत नाही, पण त्याला कुणीतरी सांगितलं असणार, म्हणजे तोही तुमच्याच पुकाऱ्याचा.

म्हणून मी हे बंद करत नाही आणि पुण्याला जात नाही. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पहिले तुम्ही.

दिवाळीनंतर नवी आवृत्ती काढीन. त्या वेळी गावोगाव जाऊन मीच लोकांना सांगणार आहे. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. अपुरं आहे हे मी सांगणारच, पण ते दबक्या आवाजात सांगणार नाही. कसं सांगायचं ते शिकवा.

रस्ता सुकला की मी सिरोंच्याला येतो. दोन दिवस राहीन. ताईंना सांगा, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मी भात खातो. तुम्ही बोला. मला जे विचारायचं असेल ते मी फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवत जाईन.

तुमचा,
इंजिनिअर